हलगी, जाते आणि ब्लूज

अमेरिकेतील काळ्या माणसाकडून दलित साहित्याने काय घेतले, याचा हिशेब आपल्या समीक्षेने पुष्कळदा मांडला आहे. 1972 साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरचे नावच तिकडून आले. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून परतले आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात त्यांनी आपल्या तरुणांचे लक्ष काळ्या लेखकांकडे वेधले. जनार्दन वाघमारे यांचा ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ 1978 चा. वाघमारे तेव्हा लातूरला प्राचार्य होते, आणि लातूर तेव्हा आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते; 1982 मध्ये ते वेगळे झाले. (‘निग्रो’ हा शब्द आज वापरू नये हे खरे, पण छापलेल्या ग्रंथाचे नाव बदलण्याचा अधिकार मला नाही.) तेव्हा हा विषय या मुलखाला परका नाही.

पण आपण घेतले ते काय? त्यांची कविता घेतली, त्यांचा जाहीरनामा घेतला, त्यांचा संताप घेतला. त्यांचे गाणे मात्र घेतले नाही. ‘ब्लूज’ हा शब्द आपल्या लेखांतून येतो तो ओझरता, यादीतला एक शब्द म्हणून. तो ऐकलेला आहे असे त्या लेखांवरून वाटत नाही. माझे म्हणणे असे, की ते गाणे आपण ऐकले नाही म्हणून आपल्या घरातलेही एक गाणे आपल्याला ऐकू आले नाही.

1865 मध्ये अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली. जमीन मात्र गुलामांना मिळाली नाही. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधला कापसाचा काळाभोर पट्टा, ज्याला तिकडे डेल्टा म्हणतात, तिथे कालचा गुलाम आज बटईदार झाला. बियाणे मालकाचे, जनावर मालकाचे, किराणा मालकाच्या दुकानातून उधारीवर. वर्षाच्या शेवटी हिशेब व्हायचा आणि बाकी याच्याच अंगावर निघायची. कळंब-वाशीकडे ज्यांनी सालगड्याचे साल मोजले आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. या रानात एकट्याने काम करताना घातलेली साद, रेल्वेच्या रुळांवर आणि तुरुंगाच्या मळ्यात घणाच्या ठेक्यावर म्हटलेली गाणी, देवळातली भजने, या सगळ्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला ब्लूज आकाराला आला. त्याला जन्मतारीख नाही. डब्ल्यू. सी. हँडी या काळ्या बँडमास्तराने लिहून ठेवले आहे, की 1903 च्या सुमारास मिसिसिपीतील टटवायलर या स्टेशनावर गाडीची वाट पाहताना त्याने फाटक्या कपड्यातला एक माणूस पाहिला. तो गिटारच्या तारांवर चाकू दाबून सूर काढीत होता आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होता. हँडीने पुढे अशी गाणी कागदावर उतरवली, 1914 मध्ये ‘सेंट लुईस ब्लूज’ प्रसिद्ध केले आणि तो नावारूपाला आला. स्टेशनावरच्या माणसाचे नाव कोणाला ठाऊक नाही.

आता त्याच्या घडणीविषयी. एक ओळ म्हणायची, तीच ओळ पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. चार-चार मात्रांची बारा आवर्तने झाली की कडवे संपते. प्रत्येक ओळीनंतर थोडी जागा मोकळी सोडतात आणि तिथे गिटार बोलते. गाणारा विचारतो आणि तार हुंकार देते. सूर तर आणखी चमत्कारिक. आपल्या भाषेत सांगायचे तर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधल्या फटीत तो उभा राहतो. पेटीवर तो सापडत नाही, कारण तिथे पट्टीच नाही. निषादाचेही तसेच. युरोपीय संगीताच्या शिक्षकांना तो बेसूर वाटला. चाकूने किंवा फुटक्या बाटलीच्या गळ्याने तार दाबायची ती या फटीत शिरण्यासाठीच.

ओळ दोनदा का म्हणायची? एक कारण व्यवहाराचे: पुढची ओळ सुचायला वेळ मिळतो, कारण पुष्कळ वेळा गाणे तिथल्या तिथेच जुळवलेले असते. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. पहिल्यांदा म्हटलेले दुःख ही बातमी असते. दुसऱ्यांदा तेच म्हटले की ऐकणारा त्यात शिरतो, आणि म्हणणारा त्याच्यापासून किंचित दूर सरकून त्याच्याकडे पाहू लागतो. तिसऱ्या ओळीत तो कधी रडतो, कधी चक्क हसतो. ब्लूज म्हणजे रडगाणे हा समज चुकीचा आहे. त्यात चावटपणा आहे, शिवी आहे, नवऱ्याची टिंगल आहे, दारू आहे, निघून जाणारी आगगाडी आहे. 1920 मध्ये मॅमी स्मिथची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी निघाली आणि तुफान खपली, तेव्हा गोऱ्या कंपन्यांना कळले की काळा गरीब माणूसही पदरचे पैसे देऊन स्वतःचा आवाज विकत घेतो. मग ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाखाली त्यांचा वेगळा बाजारच मांडला गेला. तबकड्यांचासुद्धा वेगळा पाणवठा! या बाजारातल्या पहिल्या दशकातल्या मोठ्या आवाजांत बायका पुढे होत्या. मा रेनी, बेसी स्मिथ. या बायकांच्या गाण्यांतून मारणारा नवरा, सोडून जाणारा नवरा आणि ‘मीही जाते’ म्हणणारी बाई उघडपणे बोलली, हे अँजेला डेव्हिस यांनी 1998 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे.

मी ब्लूज पहिल्यांदा ऐकला तो विद्यापीठाच्या वसतिगृहात, मित्राच्या मोबाईलवर. समजले थोडे. पुढे सुट्टीत गावी आलो असता आजीला बेसी स्मिथचे 1928 मधले ‘वॉशवूमन्स ब्लूज’ लावून दाखवले. भाषा तिला कळण्याचा प्रश्न नव्हता. तिने डोक्यावरचा पदर कानामागे सारला आणि विचारले, “कोण मेलंय रं हिचं?” मी म्हटले, कुणी मेले नाही. ती आणखी थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “मग ही दळायली असंल.”

ते गाणे लोकांचे कपडे धुणाऱ्या बाईचे आहे. आजीचा अंदाज फक्त एका कामाने चुकला. माझ्या एम.ए.च्या दोन वर्षांत मला जे कोणी शिकवले नव्हते ते तिने एका वाक्यात सांगितले: हा आवाज शोकाचा नाही, कामाचा आहे.

इथे एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. आमच्याकडे ब्लूजसारखे काय आहे असा प्रश्न निघाला की लोक चटकन हलगीकडे बोट दाखवतात. मी मातंग घरातला आहे. माझे वडील हलगी वाजवीत. लग्न, जत्रा, मढे, गावच्या पाटलाचा बैल, सगळ्यांपुढे. एका महाविद्यालयात मी नव्याने लागलो तेव्हा पाहुण्यांच्या स्वागताला हलगी ठेवावी असे ठरले, आणि एक सहकारी मोठ्या प्रेमाने मला म्हणाले, “तुमच्या घरूनच व्यवस्था करा ना सर, तुमच्या तर रक्तातच ताल आहे.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. तेच तर वाईट. काळ्या माणसालाही शंभर वर्षे हेच ऐकवले गेले, की गाणे तुमच्या रक्तात आहे. रक्तात काही नसते. वडिलांच्या बोटांना घट्टे होते, आणि थंडीत कातडे ताणण्यासाठी हलगी जाळावर धरताना त्यांचे हात भाजत. ताल तिथे असतो.

हलगी आणि गिटार यांची तुलना करणाऱ्यांनी एक इतिहास ध्यानात ठेवावा. 1739 मध्ये साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले. ते ढोल वाजवीत निघाले होते. पुढच्या वर्षी तिथे कायदा झाला आणि गुलामांना ढोल वाजवण्याची बंदी झाली. मालकाला त्या आवाजाची भीती वाटली. आमच्याकडे नेमके उलटे घडले. त्यांच्या हातातला ढोल काढून घेतला. आमच्या गळ्यात हलगी बांधली. ते वाजवतील म्हणून गोरा घाबरला. आम्ही वाजवणार नाही म्हणालो तेव्हा गावाने बहिष्कार टाकला. डेल्टातल्या पोराने टपालाने मागवलेली स्वस्त गिटार ही त्याने स्वतः निवडलेली वस्तू होती. हलगी हे आमचे वतनाचे काम होते. फेब्रुवारी 1941 मध्ये याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. वतन ही मिळकत नसून बेडी आहे हे बाबासाहेब 1920 च्या दशकापासून सांगत होते. त्या बेडीत हलगीही आली. म्हणून आपल्या बापजाद्यांनी ती खाली ठेवली, कुणी जाळली, कुणी विहिरीत टाकली, ते योग्यच झाले. तिला आज ‘लोककला’ म्हणून व्यासपीठावर बोलावणाऱ्यांनी, ती वाजवणाऱ्याला पूर्वी कुठे उभे करीत होते तेही एकदा सांगावे.

मग ती कायमची टाकायची का? माझे मत अजून ठरलेले नाही. आता तरुण पोरे तीच हलगी 14 एप्रिलला स्वतःच्या मिरवणुकीत वाजवतात, कुणाच्या हुकमाने नव्हे. डीजेच्या भिंतींपेक्षा मला ते बरे वाटते. वडिलांना मात्र ते बघवत नाही.

ब्लूजलाही त्याच्या घरातून विरोध झाला, हे आपल्या चळवळीने समजून घेण्यासारखे आहे. चर्चमधल्या काळ्या लोकांनी त्याला सैतानाचे संगीत म्हटले. शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या काळ्या मध्यमवर्गाला त्याची लाज वाटली. गोऱ्यांपुढे आपण सभ्य दिसावे, आणि हे गाणे आपले दारिद्र्य व दारू वेशीवर टांगते. 1926 मध्ये लँग्स्टन ह्यूज या तरुण कवीने एका निबंधात या लाजेवर हल्ला केला. त्याच साली त्याचा ‘द वेअरी ब्लूज’ हा संग्रह आला. तिकडच्या कवितेने गाण्याला असा मुजरा केला. त्याच्या आधी, 1903 मध्ये, डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांनी आपल्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या ग्रंथात प्रकरणांच्या माथ्यावर गुलामांच्या शोकगीतांच्या सुरावटी छापल्या. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस. आणि शेवटच्या प्रकरणात तो आपल्या आजोबांच्या आजीने आफ्रिकेतून आणलेले एक गाणे देतो, ज्याच्या शब्दांचा अर्थ त्याच्या घरात कुणालाच माहीत नव्हता. अर्थ हरवला तरी घराने गाणे ठेवले. बाबासाहेबांनी 1946 मध्ये याच ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले होते, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या ग्रंथातली ही सुरावट मात्र आपल्या नजरेतून सुटली.

आपल्याकडे गाणे नव्हते असे नाही. सत्यशोधक जलशांची परंपरा होती. तिच्यातून आंबेडकरी जलसा आला. भीमराव कर्डकांनी नाशिक भागात जलसा उभा केला आणि पुढे त्याचा इतिहासही लिहिला. वामनदादा कर्डकांनी (1922–2004) हजारो गीते लिहिली, ती गावोगाव पोचली. ही गाणी नसती तर 1956 चे धर्मांतर वस्तीच्या शेवटच्या झोपडीत पोचलेच नसते. पण जलशाचे गाणे ‘आम्ही’ चे गाणे आहे. ते समोरच्याला उठवते, सांगते, शिकवते. ब्लूज काहीच शिकवत नाही. त्यात ‘मी’ आहे, एकटा. आज उठलो आणि दुःख उशाशी बसलेले होते, इतकेच त्याचे म्हणणे. चळवळीच्या व्यासपीठावर या ‘मी’ ला जागा नव्हती, आणि त्या काळात ती नसणे मी समजू शकतो.

शाहिरांमध्ये या ‘मी’ च्या जवळ गेले ते अण्णा भाऊ साठे. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. बेळगाव-कारवार-निपाणी बाहेर राहिल्याची ती खंत आहे, असा तिचा अर्थ नेहमी सांगितला जातो, आणि तो बरोबरच आहे. पण ती पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काय ऐकू येते? पोटासाठी मुंबईला गेलेला पुरुष आणि गावी राहिलेली बायको. शिकागोला गेलेल्या मडी वॉटर्सच्या गाण्यात मागे राहिलेली मिसिसिपी जशी ऐकू येते, तशीच. 1944 साली क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यात कापूस वेचणारी यंत्रे लोकांना चालवून दाखवली गेली. त्यानंतर लाखो काळे मजूर उत्तरेकडच्या शहरांत गेले. आमच्याकडून 1972 च्या दुष्काळात माणसे खडी फोडायला आणि पुण्या-मुंबईला गेली. भूम-वाशीकडून अजूनही दर साली ऊसतोडीला जातात. गेलेल्या पुरुषाचे गाणे अण्णा भाऊंनी लिहिले. मैनेने त्याला काय उत्तर दिले?

मैनेचे उत्तर जात्यावर आहे. आणि ते आपण वाचलेले नाही.

ओवी म्हटली की आपल्या समीक्षकाच्या कपाळाला आठी पडते. ती बहिणाबाईंची, ती ज्ञानेश्वरांची, ती ‘मराठी संस्कृती’ची. यात दोष आपला एकट्याचा नाही. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ मध्ये ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या वतीने खंडामागून खंड काढले. ही कामे मोठी आहेत. पण अशा संग्रहांत ओव्या लागतात त्या माहेर, सासर, भाऊराया, लेकुरवाळी अशा मथळ्यांखाली. गाणारी बाई कोण, कुठल्या वाड्यातली, की वाड्याबाहेरची, दळत होती ते स्वतःचे दाणे की दुसऱ्याचे, हे त्यात बहुधा नाही. टटवायलरच्या माणसासारखीच तीही निनावी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुढे गावोगाव फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि त्यांनी ओवीबरोबर बाईचे नाव, गाव आणि जातही नोंदवली. जात नोंदवल्याबरोबर काय दिसले? दिसले असे, की दलित बाईने बाबासाहेबांवर शेकडो ओव्या रचल्या आहेत. शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातील बायकांच्या अशा ओव्या 1996 मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. जिथे विठ्ठल किंवा राम होता त्या जागी भीम आला. चाल तीच, जाते तेच. अगदी अशीच गोष्ट तिकडे थॉमस डॉर्सीने केली. मा रेनीच्या साथीला पियानो वाजवणारा हा माणूस 1930 च्या दशकात ब्लूजची चाल घेऊन चर्चमध्ये गेला आणि त्यातून गॉस्पेल उभे राहिले.

ओवीची घडण पाहा. कागदावर ती दोन ओळींची. जात्यावर ती पाच-सहा ओळींची होते, कारण बाई ओळ मोडून पुन्हा घेते, मध्ये ‘बाई’ घालते, समोरची बाई अर्धी ओळ उचलते, दगड मधली जागा भरून काढतो. गिटारचे काम इथे जाते करते. तयार ओळी एका गावच्या बाईकडून दुसऱ्या गावी सासरी जातात, आणि तिथे त्यांना नवे शेपूट फुटते. ब्लूजच्या ओळीही अशाच एका गायकाकडून दुसऱ्याकडे भटकत असतात. सूर तर पेटीवर सापडत नाहीच. मुख्य म्हणजे इथे हुकूम कोणाचा नाही. हलगी गावासाठी होती, जलसा समाजासाठी होता. पहाटेच्या अंधारातले हे गाणे कुणासाठीच नव्हते. म्हणून आपला ब्लूज शोधायचा तर तो तिथे शोधावा. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये आले आणि मराठीत दलित माणसाचा ‘मी’ आला असे आपण लिहितो. छापील ‘मी’ तेव्हा ठळक झाला. निरक्षर ‘मी’ त्याच्या कितीतरी आधी दळत बसला होता, आणि तो बाईचा होता.

फरक आहेत, ते झाकू नयेत. बेसी स्मिथची बाई आगगाडीत बसून निघून जाते. आमची बाई माहेराला जाते, फार तर. ब्लूजमधली बाई शरीराविषयी मोकळेपणाने बोलते. ओवी बहुतेक वेळा भावाच्या आडून, लेकीच्या आडून बोलते. आणि एक गोष्ट या पानांच्या वाचकांना रुचणार नाही: माझ्या आजीच्या ओव्यांत भीम थोडा आहे आणि तुळजापूरची आई फार आहे. मी बौद्ध मित्रांपुढे त्या वाचून दाखवल्या तेव्हा एकाने सरळ सांगितले, की हे दलित साहित्य नव्हे, ही गुलामीची भाषा आहे. त्याला मी असे विचारले: आजी देवीला काय म्हणते ते तू ऐकलेस का? ती देवीशी भांडते. माझी लेक नांदायला पाठवलीस तिथे तुझे डोळे फुटले होते का, असा तिचा सूर आहे. नकार नेहमी विचाराच्या भाषेतच येतो असे नाही. पण मित्राचे म्हणणे मी पूर्ण खोडून काढू शकलो नाही हेही कबूल करतो. भांडण करूनही आजी दर अश्विनात तुळजापूरला चालत गेलीच.

गिरणी आली आणि जाते थांबले. हे चांगलेच झाले. बाईच्या खांद्यांना विचारा. पहाटे तीनला उठून दोन पायल्या दळण्यात कसलेही काव्य नाही. जे यंत्राने हिरावले त्याबद्दल हळहळणारे बहुधा कधी दळलेले नसतात.

गेल्या वर्षी मी बी.ए.च्या मुलांना काम दिले, की घरातल्या किंवा वस्तीतल्या बाईकडून पाच ओव्या आणा, खाली तिचे नाव, गाव आणि ती काय काम करीत असे ते लिहा. पुष्कळांनी यूट्यूबवरून आणल्या. परांडा तालुक्यातली एक मुलगी आठवडाभर काहीच आणीना. मग तिने सांगितले, आजीला बसून म्हणता येत नाही, शब्द आठवत नाहीत. जाते पाहिजे म्हणते. जाते न्हाणीपुढे पायरी म्हणून पुरलेले होते. वरची तळी एका कोपऱ्यात कोंबड्यांच्या पाण्यासाठी ठेवलेली. तिच्या भावाने ते उकरून काढले, धुतले, नवा खुंटा ठोकला, आणि आजीने मूठमूठ ज्वारी घालून बावीस ओव्या सांगितल्या. मुलीने त्या मोबाईलवर घेतल्या होत्या. वर्गात लावताना ती ओशाळली. “सर, आवाज नीट आला नाही, जात्याचीच घरघर जास्त आलीय. पुन्हा घेऊ का, जातं थांबवून?” मी म्हटले, राहू दे, तसेच लाव.